डावीकडे समुद्र, उजवीकडे नदी: पेंटन ते किंग्जवेअर वाफेच्या गाडीने

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ स्टीम रेल्वेचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “समुद्र दिसतो का?” दिसतो. चांगला दिसतो. पण प्रवासाच्या पहिल्या अर्ध्या भागातच दिसतो, आणि तोही एकाच बाजूने. तुम्ही फक्त समुद्रासाठी तिकीट काढणार असाल तर चर्स्टन स्टेशन मागे पडल्यावर हळहळत बसाल. इंजिन कसं राबतं ते बघायला आणि ऐकायला निघाला असाल, तर या ११ किलोमीटरमध्ये भरपूर काही आहे. माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते: ही गाडी डोळ्यांपेक्षा कानांसाठी जास्त आहे.

हे मत माझं एकटीचं नाही. माझ्या सासऱ्यांचं त्यात अर्ध्याहून जास्त श्रेय आहे. अण्णा भुसावळच्या लोको शेडला फायरमन म्हणून लागले. पुढे ड्रायव्हर झाले, डिझेल चालवलं, आणि शेवटी इलेक्ट्रिकवरून रिटायर झाले. उन्हाळ्यात आमच्याकडे ब्रिस्टलला राहायला आले होते. लंडनचा राजवाडा, संग्रहालयं वगैरे त्यांनी सूनबाईच्या आग्रहाखातर पाहिली. या गाडीचं कळल्यावर मात्र आदल्या रात्रीच त्यांनी बूट पुसून ठेवले.

पेंटनला दोन स्टेशनं एकमेकांना खेटून आहेत. एक नेहमीच्या गाड्यांचं, दुसरं या रेल्वेचं. तिकीट वेगळं, फलाट वेगळा. गाडी निघते ती गावाच्या मागच्या बाजूने, घरांच्या परसांना लागून, आणि पहिली काही मिनिटं तुम्हाला वाटतं, हे एवढंच? मग गुडरिंग्टन येतं. डाव्या हाताला एकदम वाळू, बीचवरच्या रंगीत लाकडी खोल्यांची रांग, फावडी-बादल्या घेऊन बसलेली पोरं, आणि त्यांच्यापलीकडे टोर बेचा उपसागर. माझी नऊ वर्षांची रेवा हात हलवून दमली, इतके लोक खालून हात हलवत होते. कुठल्याही वयाचा माणूस वाफेच्या गाडीला हात करतो. डिझेलला कोणी करत नाही, हे अण्णांचं निरीक्षण.

आता जागेचा मुद्दा, कारण सगळी मजा त्यावर आहे. पेंटनहून किंग्जवेअरकडे जाताना समुद्र डावीकडे. चर्स्टनपर्यंत डावीकडच्यांची चैन, उजवीकडचे माना वळवून वळवून बघणार. चर्स्टन गेलं, बोगदा गेला, की समुद्र संपतो आणि उजवीकडे डार्ट नदी उघडते. मग उजवीकडच्यांचे दिवस येतात. म्हणून, जागा निवडता येत असेल तर जाताना समुद्राची बाजू धरा आणि येताना नदीची. येताना गाडीचं तोंड फिरलेलं असतं, म्हणजे तेव्हाही डावीकडेच बसायचं. गोंधळ वाटला तर एवढंच लक्षात ठेवा: दोन्ही वेळा डावीकडे.

डबे ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या मार्क वन जातीचे आहेत, चॉकलेटी आणि साय-रंगाचे. समोरासमोर आसनं, मध्ये टेबल. खिडकीची मोठी काच उघडत नाही, फक्त वरची अरुंद पट्टी सरकते. ती सरकवून ठेवा. आवाज तिथूनच आत येतो. बारीक कोळशाचे कणही तिथूनच येतात, त्याबद्दल तक्रार करणाऱ्याने डिझेलने जावं. मोठमोठ्या काचांचा एक खास डबा पण आहे, १९४७ साली सुरू झालेल्या ‘डेव्हन बेल’ या गाडीचा. त्याचे जादा पैसे पडतात. आम्ही तो घेतला नाही. अण्णांना इंजिनाला लागून असलेल्या पहिल्याच डब्यात बसायचं होतं, आणि त्यापुढे कुठलीच काच मोठी नव्हती.

आम्हाला मिळालेलं इंजिन होतं ‘गोलियथ’. नंबर ५२३९, बांधणी १९२४ सालची, स्विंडनच्या कारखान्यातली. निघायला वेळ होता म्हणून अण्णा फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि इंजिनासमोर हात मागे बांधून उभे राहिले. चाकांकडे बघून म्हणाले, “हे मालगाडीचं आहे. सवारी गाडीचं नव्हे.”

“कशावरून?”

“चाकं बघ. चार जोड्या, आणि लहान. साडेचार फुटांच्या आसपास असतील. मोठं चाक पळायला, लहान चाक ओढायला.”

बरोबर निघालं. या जातीची इंजिनं साउथ वेल्सच्या खाणींतून बंदरांकडे कोळसा ओढायला बनवली होती. स्वतःच्या अंगावरच पाणी आणि कोळसा घेऊन जाणारी, म्हणजे मागे टेंडर, कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, नाही. कोळसा वाहण्यात ज्यांची हयात गेली ती आता आइस्क्रीम खाणारी माणसं वाहतात. त्यात आणखी एक गंमत अशी की वेल्समधली फॉस-ई-फ्रान ही मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद झाली, आणि ब्रिटनमधल्या अशा रेल्वेंना आता बाहेरच्या देशांतून कोळसा आणावा लागतो. अण्णांना हे सांगितलं तर ते बराच वेळ मान हलवत राहिले. “कोळशाच्या देशात कोळसा आयात,” एवढंच म्हणाले.

गुडरिंग्टन सोडलं की खरा खेळ सुरू होतो. इथून चर्स्टनपर्यंत चढ आहे, साधारण साठ-सत्तर फुटांमागे एक फूट. आकडा ऐकून अण्णा आधी हसले होते. आपल्याकडे कसाऱ्याचा आणि खंडाळ्याचा घाट सदतीसला एक, मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावल्याशिवाय गाडी हलायची नाही. “हा काय चढ?” पण इथे पूर्ण भरलेली गाडी, त्यात वळणं, आणि ओढायला एकच इंजिन. पहिलं वळण घेतलं तसा आवाज बदलला. सपाटीवर जो सलग फुसफुसाट असतो तो तुटायला लागला, एकेक ठोका सुटा झाला. अण्णांनी टेबलावर बोटांनी ताल धरला. रेवाने विचारलं, “आजोबा, काय मोजताय?”

“चाक एकदा फिरलं की चार ठोके. दोन सिलिंडर, प्रत्येकाचे दोन. आता बघ, चारही सारखे येतायत ना? एक जरी लंगडा आला तर समजायचं व्हॉल्व्ह बिघडलाय. हे इंजिन तब्येतीने ठणठणीत आहे.”

मग त्यांनी खिडकीतून धुराकडे बोट दाखवलं. धूर करडा होता, विरळ, वाऱ्याने समुद्राकडे झुकलेला. “हा धूर बघ. काळाकुट्ट असता तर फायरमनला शिव्या पडल्या असत्या. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, म्हणजे कंपनीचे पैसे आकाशात. थोडा थोडा टाकायचा, पातळ पसरवायचा, पण बेलचा (कोळशाचं फावडं) थांबवायचा नाही. हा पोरगा शिकलेला आहे.” पर्यटकांना फोटोत काळा धूर आवडतो हे मी सांगितलं, तर म्हणाले, “त्यांना काय, कोळसा त्यांना टाकायचा नसतो.”

चढताना गाडी दोन दगडी पुलांवरून जाते. ब्रॉडसँड्सचा पूल म्हणजे या रस्त्यावरचं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. खाली समुद्रकिनारा आणि आपण घरांच्या छपरांच्या वर. इथली माती लाल आहे, कडे लाल, नांगरलेली शेतं लाल, आणि त्या लालापुढे उपसागराचं पाणी जास्तच निळं दिसतं. समोर लांबवर ब्रिक्सहॅमचं टोक. फोटो काढायचा तर पूल यायच्या आधी कॅमेरा तयार ठेवा, कारण मध्ये झाडी आहे आणि समुद्र तुकड्यातुकड्यांनी येतो. व्हिडिओ काढणारे बहुतेक जण झुडपांचं चित्रीकरण करून परततात.

चर्स्टन हा चढाचा माथा. एकेरी लाइन आहे, त्यामुळे वर्दळीच्या दिवसांत इथे गाड्यांचं क्रॉसिंग होतं. पूर्वी इथून ब्रिक्सहॅमला फाटा जायचा, तो १९६३ मध्ये बंद पडला. अॅगाथा ख्रिस्तीने आपल्या एका कादंबरीत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने खून करणारा माणूस रंगवलाय. त्यातलं ‘सी’ अक्षर या चर्स्टनच्या वाट्याला आलं. ती इथलीच, टॉर्कीमध्ये १८९० साली जन्मलेली. पुढे बोगद्याच्या अलीकडे ग्रीनवे नावाचा छोटा थांबा आहे. तिथे उतरून झाडीतून चालत गेलं की १९३८ साली तिने घेतलेलं सुट्टीतलं घर लागतं. ते आता नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट वेगळं. ते करायचं असेल तर दिवसाचा मोठा भाग त्यासाठीच ठेवा. गाडी, घर आणि नदीपलीकडचं डार्टमथ गाव हे तिन्ही एका दुपारीत कोंबणारी मंडळी मी पाहिलीत, त्यांना तिन्हीपैकी एकही धड आठवत नाही.

माथा ओलांडल्यावर इंजिन एकदम गप्प होतं. ड्रायव्हर रेग्युलेटर मिटवून वाफ बंद करतो, गाडी स्वतःच्या वजनाने उतरायला लागते, मग फक्त चाकांचा खडखडाट आणि ब्रेकचा वास. ग्रीनवेचा बोगदा ४९५ यार्डांचा, म्हणजे साडेचारशे मीटर. जाताना तो उतारावर येतो, म्हणून फारसा धूर नसतो. बाहेर पडलं की ओकचं दाट रान, आणि त्याच्या फांद्यांमधून खाली नदी, नांगर टाकून उभ्या होड्या. इथे दृश्य खरं तर समुद्रापेक्षा सुंदर आहे. मी हे जाताना डाव्या बाजूला बसून, मान उजवीकडे करून म्हणतेय.

किंग्जवेअरच्या थोडं आधी रुळांना लागूनच हायर फेरीचा धक्का आहे. साखळदंडासारख्या जाड तारेवरून मोटारी नदीपार नेणारी ती सपाट बोट गाडीतून दिसते. समोरच्या टेकडीवर लाल-पांढरी लांबलचक इमारत आहे ते ब्रिटानिया नौदल महाविद्यालय. १९३९ साली तेरा वर्षांची राजकन्या एलिझाबेथ आईवडिलांबरोबर इथे आली आणि अठरा वर्षांच्या फिलिप नावाच्या कॅडेटने तिला आवार दाखवलं. पुढचं जगाला ठाऊक आहे.

किंग्जवेअरला उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. नव्याण्णव टक्के लोक फेरीची रांग धरायला धावतात. इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जातं आणि परत जोडलं जातं, हे बघायला फलाटावर मूठभर माणसं उरतात. आम्ही थांबलो. फायरमन खाली उतरला, बफरच्या मधल्या सापटीत वाकून शिरला, जड हूक उचलून अडकवला, स्क्रू फिरवून आवळला, मग ब्रेकसाठीचा व्हॅक्यूमचा होजपाइप जोडला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. त्याचं काम झाल्यावर त्याने वर पाहिलं, आणि अण्णांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, “यू फायरमन? मी आल्सो फायरमन. इंडिया. थर्टी इयर्स बॅक.” त्या पोराने हातमोजा काढून हात पुढे केला. पुढची पाच-सात मिनिटं त्या दोघांनी काय बोलणं केलं ते मला अर्धंही कळलं नाही. शब्द सगळे सारखेच होते: इंजेक्टर, गेज ग्लास, सेफ्टी व्हॉल्व्ह, फायरबॉक्स. व्याकरणाची गरज कोणालाच पडली नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. ब्रिटनमधल्या बहुतेक वारसा-रेल्वे निवृत्त हौशी स्वयंसेवकांवर चालतात. ही तशी नाही. १९७२ च्या अखेरीस ब्रिटिश रेल्वेने ही लाइन विकली तेव्हापासून एक कंपनी ती पगारी माणसांवर चालवते, आणि बोटीही तीच चालवते. त्याचा चांगला परिणाम म्हणजे सगळं वेळेवर आणि नीटनेटकं. दुसरी बाजू अशी की गप्पा मारायला फुरसत असलेले काका, जे अशा रेल्वेंचा जीव असतात, ते इथे कमी. गर्दी सुट्टीवर आलेल्यांची, रेल्वेवेड्यांची नव्हे. मला ते खटकलं नाही. रेल्वेवेड्यांना खटकतं हे मी ऐकून आहे.

नदीपलीकडे डार्टमथ. छोट्या प्रवासी फेरीने काही मिनिटांत जाता येतं, आणि ही फेरी म्हणजे या प्रवासाचाच शेवटचा तुकडा समजा. कारण डार्टमथला रेल्वे स्टेशन आहे, पण तिथे एकही गाडी कधी आली नाही. लाइन १८६४ मध्ये किंग्जवेअरपर्यंत पोचली आणि नदीवर पूल कधी झालाच नाही. मग धक्क्यावर स्टेशन बांधलं, तिथे तिकीट विकायचे, सामान घ्यायचे, आणि माणसांना बोटीने पलीकडे गाडीला नेऊन सोडायचे. ती इमारत अजून आहे, आता तिथे खाणावळ आहे. रेवाला ही गोष्ट फार आवडली. “म्हणजे ते बिनगाडीचं स्टेशन!” अण्णांना दुसऱ्याच गोष्टीने धरलं. ही लाइन मूळची इंजिनिअर ब्रुनेलच्या सात फुटी रुंद गेजवर होती, १८९२ मध्ये ती आजच्या मापावर आणली. “आपली ब्रॉडगेज साडेपाच फूट. मला वाटायचं जगात आपलीच सगळ्यात ऐसपैस. यांनी सात फूट टाकली होती आणि मग गुंडाळली.” त्यांच्या आवाजात किंचित समाधान होतं.

डार्टमथला धक्क्यावर जेवणाबद्दल फार लिहीत नाही. एका दुकानातले चिप्स कोमट निघाले, आणि ते कोमट चिप्सही सीगलने रेवाच्या हातातून उचलले. पाठ भिंतीला लावून खा, एवढाच सल्ला. शाकाहारी लोकांनी डबा नेलेला बरा. आम्ही मेथीचे ठेपले आणि लोणचं नेलं होतं, सीगलने त्यात रस दाखवला नाही.

वेळ असेल तर ‘राउंड रॉबिन’ तिकिटाचा विचार करा. गाडीने किंग्जवेअर, बोटीने नदीतून वर टॉटनेस, तिथून बसने पेंटन. पूर्ण चक्कर. बोट भरती-ओहोटीवर अवलंबून असल्याने वेळा रोज बदलतात, आधी वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. नदीवर ‘किंग्जवेअर कॅसल’ नावाची १९२४ सालची वल्ह्याच्या चाकांची, कोळशावर चालणारी आगबोटही आहे. तिचं यंत्र तर बोटीपेक्षाही जुनं, १९०४ चं, आधीच्या बोटीतून काढून बसवलेलं. तिच्यात यंत्र उघडं दिसतं, जवळ उभं राहून बघता येतं. इंजिनात रस असेल आणि पैसे दोन्हींसाठी नसतील तर मला सांगणं कठीण जाईल, पण पोरं बरोबर असतील तर गाडी, आणि अण्णांसारखं कोणी असेल तर दोन्ही.

पैशांचं म्हणाल तर अर्ध्या तासाच्या प्रवासाला हे तिकीट स्वस्त नाही. किलोमीटरवर भागून बघू नका, उगाच रक्त आटेल. लहान मुलांसह कुटुंबाचं तिकीट वेगळं बघा. परतीचंच काढा, एकेरीत निम्मी मजा बुडते. कारण परतीचा प्रवास मला जास्त आवडला, आणि हे कोणी आधी सांगत नाही. किंग्जवेअरहून निघाल्यावर नदीकाठ सोडून गाडी चढायला लागते, आणि यावेळी बोगदा चढावर येतो. वरच्या पट्ट्या बंद करायला सांगतात, त्या बंद करा. आत अंधार, काचेबाहेर वाफ, आणि तोच चार ठोक्यांचा ताल भिंतींवर आपटून दुपटीने मोठा. डब्यातले सगळे बोलायचे थांबले. एक बाळ रडायला लागलं. अण्णा मोठ्याने म्हणाले, “आता करतंय काम!” कोणाला कळलं नाही, पण समोरच्या आजी हसल्या.

पांढरे कपडे घालून जाऊ नका. अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर काजळीचे ठिपके पडले, ते मी दोनदा धुतल्यावरही पूर्ण गेले नाहीत. त्यांना काही वाटलं नाही.

आणि रुळांना समुद्र अगदी खेटून हवा असेल, तर त्यासाठी वेगळं तिकीट लागत नाही. पेंटनला येताना-जाताना नेहमीची गाडी न्यूटन अॅबटच्या पुढे टेनमथ आणि डॉलिशवरून जाते, तिथे भिंतीला लाटा आपटतात आणि कधी कधी खिडकीवर पाणी उडतं. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात ती भिंतच वाहून गेली, रूळ हवेत लोंबकळत राहिले, एप्रिलमध्ये लाइन परत चालू झाली. परतताना, म्हणजे एक्झेटरकडे जाताना, उजवीकडे बसा. मोबाइलवर काहीतरी बघत बसलेल्या चाकरमान्यांच्या रोजच्या डिझेलच्या डब्यातून दिसतो तो समुद्र, आणि त्याचे पैसे तुम्ही तसेही भरलेलेच असतात.